गोराईच्या मावश्या आणि बंद झालेली फिल्म

भांडुपच्या अनुपमा घाडीला फिल्मची ददात कधी पडली नव्हती. सिनेमासाठी येणारी लांबलचक फिल्म ती अंधेरीच्या एका विक्रेत्याकडून घ्यायची, न्हाणीघरात मिट्ट काळोख करून कापायची आणि रोलच्या रिकाम्या डब्यांत भरायची. त्या फिल्मवर ती दरवर्षी गोराईच्या मासेविक्या बायकांचे फोटो काढी. त्याच बायका, त्याच ओट्यांवर, वर्षागणिक म्हाताऱ्या होत चाललेल्या.

यंदा विक्रेत्याने हात वर केले.

"फिल्म बनवणाऱ्या कंपनीचा नियम आलाय मॅडम. मोठी रिळं फक्त सिनेमावाल्यांना. प्रॉडक्शनचं पत्र आणा."

"अहो, इतकी वर्षं घेतेय ना मी?"

"दिली तर माझी एजन्सी जाईल."

सुट्या रोलमध्ये ती फिल्म मिळतच नव्हती. अनुपमाने जाहिरातींचं शूटिंग करणाऱ्या हितेशला गाठलं. कॉलेजचा मित्र.

"एक पत्र दे यार. खोटं तर खोटं."

"शूटिंगनंतर निगेटिव्ह धुवायला लॅबमध्ये आली का, तेही कंपनीवाले बघतात गं. माझी वाट लागेल."

तिने चक्क हात जोडले. हितेश नाहीच म्हणाला.

घरी जुन्या डब्यात थोडी फिल्म उरली होती. भरदुपारी न्हाणीघराच्या दाराच्या फटीला टॉवेल लावून ती कापायला बसली. रीळ मांडीवर सोडलं आणि लख्खकन दिवा लागला. बाहेरचं बटण वडिलांनी दाबलं होतं. काशीरामांना हल्ली काही लक्षात राहत नसे.

"काळोखात काय करतंस गो?"

"काय नाय, बाबा."

उजेड लागून उरलीसुरली फिल्मही वाया गेली होती. मग तोंडात टॉवेल कोंबून ती रडली.

तरी ती गोराईला गेली. मासेविकी अंजनाबाई फोटोसाठी ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती.

"कॅमेरा कुठं गो?"

"फिल्म मिळत नाही, मावशी. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी हाय काय? मोबाइलवर काढ."

अनुपमाने फोन धरला. फोटो लख्ख आला. अंजनाबाई खूश होऊन शेजारणीला हाका मारू लागली, आणि अनुपमा मेलेल्या मनाने एकेकीचे फोटो काढत राहिली. परतताना तिला ते फिल्मवर नसलेले फोटो उघडून बघवले नाहीत. फेरीबोट लागली होती, माणसं चढत होती. ती धक्क्यावरच बसून राहिली.