उघडणारीचं नाव

हिंदी मुलखातल्या एका शहरात, किला गेटच्या उतारावर, एका पतंगवाल्याच्या आणि एका चष्मेवाल्याच्या मधे, चिमटीत धरल्यासारखं एक दुकान आहे. आत माणूस एकच मावतं. ते माणूस म्हणजे सोनिका जगताप: वय चौतीस, अंबाड्यात खोचलेला स्क्रू ड्रायव्हर, गालात लवंग. टीव्हीला जोडून खेळायचे जे गेम कन्सोल असतात ना, ते डबे ती दुरुस्त करते. आणि मालकाला हवे तसे बदलूनही देते.

मात्र तिचे हट्ट आहेत.

"दीदी, इसमें वो चिप डाल दो ना. कॉपी वाले गेम चल जाएँगे."

"नहीं डालूँगी."

"अरे, सब डालते हैं!"

"तो सब के पास जाओ. डब्बा तुमने ख़रीदा, तो डब्बा तुम्हारा. गेम जिसने बनाया, उसका. मैं वही खोलती हूँ जो सामनेवाले का हो."

गिऱ्हाईक पाय आपटत निघून जातं. पतंगवाला हसतो. "आलेल्या लक्ष्मीला हाकलतेस तू, सोनिका." सोनिका लवंग या गालातून त्या गालात सरकवते.

दुसरा हट्ट याहून जगावेगळा. यंत्र उघडलं की झाकण लावण्याआधी ती आत एक चिठ्ठी चिकटवते. वर तारीख. मग काय काढलं, काय घातलं. मग 'मालकाच्या सांगण्यावरून', त्यापुढे मालकाची सही. आणि सर्वांत खाली: 'उघडणार, सोनिका मानसिंगराव जगताप, किला गेट.' काढलेले जुने भाग, अगदी वाकडा स्क्रूसुद्धा, पाकिटात घालून मालकाच्या हातात.

या धंद्यातली शहाणी माणसं काम केल्यावर मागे श्वासही ठेवत नाहीत. कंपनीला कळू नये म्हणून झाकणावरचं सीलसुद्धा केस सुकवायच्या मशीननं गरम करून अलगद काढतात आणि परत लावतात. ही बाई स्वतःचं नावगाव लिहून ठेवते!

हे वळण वडिलांचं. जगतापांच्या घराण्यात सगळे फौजेत. मानसिंगरावांनी तेवढी बंदूक सोडून लेखणी धरली. छत्तीस वर्षं रजिस्ट्री कचेरीच्या आवारात टेबल टाकून ते लोकांचे दस्त लिहीत. शाळा सुटली की सोनिका त्या टेबलाखाली बसून ऐकायची. दस्त कितीही लांब असो, आबा तो दोन्ही पक्षांना मोठ्यानं वाचून दाखवत. "समझ में आया? नहीं आया तो फिर पढ़ूँ?" कुणी घाई केली की चष्मा काढून ठेवत, आणि काम तिथंच थांबे. आणि शेवटी, दस्त लिहिणारा म्हणून स्वतःचं नाव.

"आबा, घर त्यांचं, विकणार ते, मग तुमचं नाव कशाला?"

"ज्यानं लिहिलं त्यानं तोंड दाखवावं, बेटा. नाव लपवून लिहितो तो लेखक नव्हे. निनावी पत्र टाकणारा."

तर त्या चिठ्ठीनंच सोनिकाला गोत्यात आणलं.

त्याच शहरातल्या हरिशंकरपुरम वस्तीत पद्मा सप्रे राहतात. सदुसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, भूगोलाच्या बाई. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. वाचा राहिली, आणि तीही नको इतकी राहिली, असं त्यांचा मुलगा केदार म्हणतो. मन रमावं म्हणून केदारनंच कन्सोल आणला. बाईंना आवडला कोणता खेळ? मोटारींच्या शर्यतीचा! जन्मभर नकाशावर छडी ठेवून शिकवलेले इटलीचे घाट आणि जपानचे किनारे, आता त्यावरून मोटार पळवायची. पण खेळायला दोन हात लागत.

"डाव्या हातात सगळी बटणं आण," त्या सोनिकाला म्हणाल्या होत्या. "वेग पायात दे. शिलाई मशीनचं पायडल असतं ना, तसं."

"तसं कशाला मावशी, तेच देते."

आणि खरंच तिनं शिलाई मशीनचं पायडल जोडलं. परकं पायडल कन्सोल ओळखेना, म्हणून त्याच्या आतलं सॉफ्टवेअरही थोडं बदलावं लागलं. तेही चिठ्ठीत लिहिलं. पद्मामावशींनी डाव्या हातानं, कोंबडीच्या पायासारखी, पण पूर्ण सही केली.

आठ महिने बाई सुसाट. इंटरनेटवरून कुठल्या कुठल्या देशांतली पोरं त्यांच्याशी शर्यत लावत आणि हरत. मग एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली: या यंत्रात अनधिकृत बदल आढळला आहे, खातं बंद करण्यात येत आहे.

केदार घाबरला. सोनिकाला न विचारता डबा उचलून त्यानं मुरार भागातल्या, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन दिला. तिथं झाकण उघडलं, चिठ्ठी सापडली. दुसऱ्या दिवशी केदारचा फोन आला.

"सोनिका, रागावू नकोस हं. त्यांचं म्हणणं असं की आपण करार मोडलाय, पण आईनं एका कागदावर सही केली तर नवा डबा देतील. खातंपण चालू. आठ महिन्यांच्या सगळ्या शर्यती परत."

"कागदावर काय लिहिलंय?"

"ते... आपलं, औपचारिक आहे."

"वाच, दादा."

केदारनं हिंदीतलं मराठीत करून वाचलं. "'हे बदल माझ्या नकळत, मला फसवून, सोनिका जगताप हिने केले. जुने यंत्र मी कंपनीकडे कायमचे सोपवत आहे.'"

सोनिकानं लवंग चावली. कडकन.

घरी आबांच्या कानावर ती गोष्ट गेलीच होती. "चिठ्ठीमुळे सापडलीस म्हणे?"

"हो."

"पुढच्यांना चिकटवणार की नाही?"

"चिकटवणार."

"मग इथं काय बसलीस? जा आणि तो कागद वाचून घे. पूर्ण."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मुरारच्या सेंटरवर रांग होती. काउंटरमागे दिग्विजयसिंह, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, स्वभावानं मऊ, मराठी समजणारा. पद्मामावशी काठी टेकत आल्या, मागून केदार. आणि सोनिका आधीच उभी.

"आप ही हैं सोनिका जगताप?" दिग्विजयसिंहनं पारदर्शक पिशवीतली चिठ्ठी वर धरली. "मैडम, बीस साल में पहली बार देखा. चोर ख़ुद विज़िटिंग कार्ड छोड़ गया."

रांगेत हशा पिकला. सोनिकाही हसली. "चोर कार्ड छोड़ता है क्या, भैया? सोचिए ज़रा."

"आई, सही कर आणि चल," केदार कुजबुजला. "तिचं काय होणारे? फार तर नोटीस येईल."

"दुकान बंद होईल तिचं, गाढवा." मावशी काउंटरकडे वळल्या. "भैया, आप लोग कहते हैं कि मैंने करार तोड़ा. कौन सा करार?"

"वही जो चालू करते समय आता है, मैडम. आपने 'सहमत हूँ' दबाया था."

"मग तो करार आणा. छापून. मला बारीक दिसत नाही. सोनिका, वाच."

"मैडम, वो चालीस पन्ने का है!"

"मी चाळीस वर्षं नववी ब शिकवली. बसते."

त्या खरंच खुर्ची ओढून बसल्या. प्रिंटर कुरकुरत राहिला. सोनिकानं पहिलं पान उचललं आणि आबांच्या त्याच आवाजात, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असं वाचायला लागली. इंग्रजी वाक्य वाचायचं, हिंदीत उलगडायचं, थांबायचं. "समझ में आया? नहीं आया तो फिर पढ़ूँ?"

रांग आधी कुरबुरली. मग ऐकायला जवळ सरकली. सहाव्या पानावर आलं: हे तुम्हाला विकलेले नाही, वापरण्याचा परवाना दिला आहे.

"क्या नहीं बेचा?" मोबाईल घेऊन आलेले एक काका ओरडले. "हमारे फ़ोन में भी यही लिखा है क्या?"

"शांत!" पद्मामावशींचा वर्गातला आवाज. "दिग्विजय भैया, ये 'बेचा नहीं' किसके बारे में है? डब्बे के, या अंदर के सॉफ़्टवेयर के?"

दिग्विजयसिंहनं पान हातात घेतलं. दोनदा वाचलं. "सॉफ़्टवेयर के."

"और डब्बा?"

त्यानं पान उलटून मागची बाजू पाहिली.

"डब्बा..." तो म्हणाला, "डब्बा तो आपका है, मैडम. पर इन्होंने सॉफ़्टवेयर भी बदला है. वो कंपनी का था."

"बदला है," सोनिका म्हणाली. "चिट्ठी में मैंने ख़ुद लिखा है. खातं तुमच्या सर्व्हरवर आहे, ते बंद केलंत, करा. तुमच्या घरात कोणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पर इनका डब्बा रख लेना, ये किस पन्ने पर है?"

पान सापडेना. सोनिकानं केसांतून स्क्रू ड्रायव्हर काढला, चुकलं म्हणून परत खोचला, पर्समधून पेन काढलं आणि सहीच्या कागदावरचे 'माझ्या नकळत' आणि 'मला फसवून' हे शब्द सरळ रेघेनं खोडले. मग ते सोपवण्याचं अख्खं वाक्य.

"अरे अरे, क्या कर रही हैं!"

"दस्तात खाडाखोड केली की दोन्ही पक्षांनी बाजूला सही करायची असते. मेरे पिताजी ने छत्तीस साल यही किया. मावशी करतील. आता तुम्ही करा."

"मुझे अधिकार नहीं है. मैं एक शब्द नहीं बदल सकता."

"तो किसे है?"

"पता नहीं, मैडम." तो खरं तेच म्हणाला. "ऊपर से आता है."

"मग करार कुणाशी करायचा? एक शब्द खोडायचा अधिकार नाही, तो पक्ष कसला?" तिनं पिशवीतल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. "या काउंटरवर इतके कागद आहेत. त्यांत दोन्ही बाजूंनी वाचून, समजून सही केलेला एकच आहे. हा. आणि त्याला तुम्ही चोरी म्हणता."

केदारनं शेवटचा प्रयत्न केला. "आई, आठ महिने जातील. सगळ्या शर्यती. तुझा तो जपानचा विक्रम."

पद्मामावशींच्या डाव्या हाताचा अंगठा, शर्यतीत हलतो तसा, काठीच्या मुठीवर हलला. तो विक्रम त्यांनी डॉक्टरांनाही सांगितला होता.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "शर्यत मी खरी जिंकलेय. खोटी सही करून ती परत कशाला मागू? डब्बा लाओ, भैया. मेरा डब्बा."

दिग्विजयसिंह आत गेला. बराच वेळ फोनवर बोलण्याचा आवाज आला, मग तो डबा घेऊन बाहेर आला. साध्या पावतीवर मावशींनी सही केली: माझे यंत्र मला परत मिळाले. तेवढंच. चिठ्ठी मात्र तो ड्रॉवरमध्ये टाकायला लागला.

"ती पण," सोनिका म्हणाली. "डब्यातली आहे."

"रिकॉर्ड के लिए चाहिए, मैडम. रिपोर्ट तो जाएगी आपकी. नोटिस भी आ सकता है."

"येऊ दे. फोटो काढा. नाम साफ़ आना चाहिए, हाँ. जगताप में 'ज' कटना नहीं चाहिए."

त्यानं फोटो काढला. चिठ्ठी परत देताना हळूच म्हणाला, "मेरे भांजे का भी एक पड़ा है. कंट्रोलर का बटन... खोल देंगी आप?"

"भांजे को लेकर आना. सही त्याची लागेल."

दुपारी हरिशंकरपुरमात सोनिकानं डबा जेवणाच्या टेबलावर घेतला. इंटरनेटची तार काढून ठेवली; खातं गेलं ते गेलंच. सेंटरवाल्यांनी पायडलची जोडणी तोडली होती, ती तिनं नव्यानं केली. तबकडीवरचा शर्यतीचा खेळ मावशींनी दुकानातून विकत घेतलेला होता, तो कुणाला न विचारता चालला. रस्ते सगळे शाबूत, विक्रमांची यादी कोरी.

झाकण लावायची वेळ आली. केदार कान खाजवत जवळ आला. "सोनिका, या वेळी चिठ्ठी नको ना. कशाला पुन्हा..."

"दे इकडे पेन," पद्मामावशी म्हणाल्या.

त्यांनी डाव्या हातानं सही केली. या वेळी अक्षर जरा सुधारलं होतं. सोनिकानं खाली आपलं नाव लिहिलं, आधीपेक्षा ठळक. मग थोडा विचार करून त्याखाली दुकानाचा फोन नंबर घातला, आणि झाकण लावलं.