माझ्या टाचणातली विहीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, लोक चांगलं चांगलं बोलले, तेव्हा एकदा ओठांपर्यंत आलं होतं — पण मी चहा घेतला आणि गप्प बसलो. गप्प बसायची मला चांगली सवय आहे. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर सांगून टाकतो.

पालमजवळच्या माझ्याच गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. शिकवायचो म्हणजे — काय सांगू? माझं सुरुवातीचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. इंग्रजी मी घोकून घोकून पास झालो. कशाच्या आधी 'ए' लावायचा आणि कशाच्या आधी 'द', हे मला कधीच उमगलं नव्हतं. मराठीत ते नाही, उर्दूत नाही. मग ही पीडा आली कुठून, असं मनातल्या मनात म्हणायचो. वर्गात मात्र ठणकावून सांगायचो, पुस्तकात आहे तसं पाठ करा. कुणी 'का' विचारलं, की डोळे वटारायचे आणि वेळ मारून न्यायची.

कमल नववीत होती. बौद्ध वस्तीतली. तिचे वडील, सखाराम, दुष्काळी कामावर खडी फोडायचे. त्यांना सही करता येत नव्हती, पण पोरीच्या शाळेचा एक दिवस त्यांनी कधी चुकू दिला नाही. एका शनिवारी मी वह्या तपासायला घेतल्या, आणि तिच्या वहीच्या मागच्या पानांवर मला ते सापडलं. धड्यांतली वाक्यं तिनं निवडून उतरवली होती आणि खाली मराठीत लिहिलं होतं — पहिल्यांदा भेटलं की 'ए', ओळख झाली की 'द'. मग तिची स्वतःची उदाहरणं. 'वी गो टु ए वेल. द वेल इज फार.' आम्ही एका विहिरीवर जातो. ती विहीर लांब आहे.

मी दोनदा वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं, आणि ते एका नववीतल्या पोरीनं कळवलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुणीच न्हाई, सर. धड्यात बघून बघून म्याच काढलं." तिथल्या तिथं तिची पाठ थोपटायला हवी होती, नाही का? मी वही दोन दिवस ठेवून घेतली.

पुढच्या आठवड्यात परभणीहून साहेब तपासणीला येणार होते. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो — हे कारण म्हणून सांगत नाही, नुसतं सांगतो. पाठ घेण्याआधी मास्तरानं तयारी लिहायची ती टाचणवही असते ना, तिच्यात मी कमलची पानं उतरवून काढली. शब्दन् शब्द. विहिरीसकट. उदाहरण बदलावं, एवढीही अक्कल सुचली नाही. आमच्या परसात आड होता. त्या दुष्काळातही त्याला पाणी होतं. कमलच्या वस्तीतल्या कुणाला आम्ही त्यात कधी पोहरा सोडू दिला नव्हता. आणि लिहीत मी होतो, ती विहीर लांब आहे!

पाठ छान झाला. इतकं छान मी पुन्हा कधी शिकवलं नाही. साहेब खुश झाले. माझं टाचण चाळत ते बाकांमधून फिरू लागले आणि कमलपाशी थांबले. तिची वही मागच्या त्याच पानांवर उघडी होती. त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी धरल्या आणि हसत विचारलं, "सर, पाठ तर तुम्ही आज घेतलात. हिच्या वहीत आधीच कसा?"

काय बोलायचं होतं मला? हे हिचं आहे — तीन शब्द. मी म्हणालो, "टाचण टेबलावरच असतं माझं. घेतलं असेल हिनं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. कमल उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाई, सर." वर्गात चाळीस पोरं होती. कुणाची विहीर लांब आहे, हे त्यातल्या एकूण एक पोराला माहीत होतं. पण मास्तर बोलत असताना तोंड उघडायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं. चोरून का होईना, अभ्यास करते, असं म्हणून साहेब हसले आणि पुढच्या वर्गात गेले. त्यांच्यापुरतं ते तिथंच संपलं.

हेडमास्तरांनी मात्र तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सखाराम कामाचा खाडा करून आले. कमल शेजारी उभी होती. ते हेडमास्तरांशी बोललेच नाहीत, सरळ माझ्याकडं वळले. "सर, पोरगी म्हणायली, म्या वही घेतली न्हाई. ती माज्यासंगं कधी खोटं बोलली न्हाई. आता तुमीच सांगा. तुमी सांगताल ते खरं."

बघा — मला दुसरी संधी मिळाली होती. आदल्या दिवशी साहेबांना घाबरून बोललो, असं तरी म्हणता येईल. आता समोर कोण होतं? माझ्या शब्दावर भरवसा टाकून उभा असलेला एक बाप. त्याला भ्यायचं काय कारण? कमल माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. सर आता खरं सांगतील, असं तिला वाटत होतं; ते तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. ते बघत बघतच मी म्हणालो, "घेतली होती तिनं."

सखारामांनी हात जोडले. "मापी द्या, सर. आमच्या लेकरानं शाळंत चोरी करावी, लय वंगाळ झालं." मुलीला मारलं नाही, ओरडले नाहीत. ते पुढं चालू लागले आणि ती चार पावलं सोडून मागून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. उन्हाळ्यात ती खडीच्या कामावर जाते असं कळलं. मला चांगला शेरा मिळाला, नोकरी कायम झाली. 'ए' आणि 'द' फार सोपं करून सांगतात म्हणून इतर शाळांतले मास्तर माझ्याकडं येऊ लागले. मी त्यांना विहिरीचंच उदाहरण द्यायचो. मला दुसरं येतच नव्हतं.

सखाराम वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या वस्तीतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सहज बोलता बोलता सांगितलं. शेवटच्या आजारात कमल माहेरी येऊन त्यांच्या उशाशी बसायची आणि तेव्हाही म्हणायची, आबा, म्या न्हाई घेतली. म्हातारा तिच्या हातावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे, माय. सर कशाला खोटं बोलतील?"

ते दुखणं दोन महिने चाललं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. मी गावातच होतो, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. मी गेलो नाही.