रुस्तानचे पाय

लामुडिंगने तरुणपणीच कान फोडून घेतले होते. सुलावेसी बेटाच्या किनाऱ्यावर, समुद्रावरच जगणाऱ्या बाजो लोकांत ती रीतच. एकदा पडदे फाटून रक्त वाहून गेलं, की खोल पाण्यात दुखायला काही उरत नाही. पुढची हयात तो एका दमात तळाशी जाऊन भाल्याने मासे टिपत आला. ऐकू कमी यायचं. पण खाली ऐकायचं कोणाचं?

समुद्राने आपल्या लोकांच्या पोटात माशाच्या कल्ल्यासारखं काहीतरी ठेवलंय, अशी त्याची पक्की समजूत. म्हणून मुलगा रुस्तान होडीतून हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची नळी दातांत धरून उतरू लागला, तेव्हा तो भडकला होता.

"रबरातून श्वास घेतोस? बाजो आहेस की पंक्चरवाला?"

नळीवर तासन्‌तास खाली राहता येई. एका दुपारी रुस्तान फार खोलातून झपकन वर आला. त्याचं कमरेखालचं अंग मेलं ते मेलंच.

सुईण दारियाआजी पाय चाचपून म्हणाली, "ह्याची वार मीच सोडली होती पाण्यात. वार म्हणजे बाळाचा जुळा भाऊच, तो ह्याला बोलावतोय. हे आता पाय नव्हेत."

लामुडिंगला ते पटलं. बारीक होत चाललेले, एकमेकांना चिकटून पडणारे ते पाय त्याला शेपटीसारखे दिसू लागले. रोज तो मुलाला खांबांवरच्या घरातून खाली उतरवी आणि पाण्यात धरून ठेवी.

"बाबा, खवले आले का बघ! आले तर बाजारात ने मला."

अर्धंच ऐकू येऊन बाप खरोखर वाकून बघायचा.

त्याच सुमारास पाणबुड्यांची पोटं तपासायला शहरातून एक डॉक्टरीण आली. तिने लामुडिंगच्या डाव्या कुशीवर यंत्र फिरवलं.

"कल्ला सापडला?" त्याने विचारलं.

"कल्ला नाही, काका, पाणथरी, प्लीहा म्हणतात ती," ती त्याच्या कानाशी ओरडली. "माझ्याही पोटात आहे. दम धरला की ती साठवलेलं रक्त अंगात सोडते. तुमची मोठी आहे, एवढंच."

"म्हणजे नवं काही नाही?"

"नाही. जुनंच मोठं होत गेलं. ज्यांची मोठी त्यांना दम पुरला, त्यांची लेकरं जगली. कितीतरी पिढ्या लागल्या त्याला."

"मग ह्याच्या पायांचं काय होतंय?"

तिने रुस्तानच्या पायांना हात लावून पाहिलं. "कण्यात हवेचे बुडबुडे अडकले होते. तिथलं गेलं ते गेलं. त्यातून काही होत नाहीये, काका."

"ऐकलंस ना, म्हाताऱ्या?" रुस्तान मोठ्याने म्हणाला. "काही होत नाहीये!" आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही लामुडिंगने त्याला पाण्यात उतरवलं. दुसरं काय करायचं, ते त्याला सुचेना. रुस्तान खांबाला धरून तरंगत होता, पाय खाली दोरासारखे लोंबत होते. बोटभर लांबीचे पट्टेरी मासे जमले आणि त्याच्या अंगठ्यांची कातडी टोचू लागले. आता तरी पाय आखडून घेईल म्हणून लामुडिंग वाट बघत राहिला. रुस्तान आभाळाकडे बघत काहीतरी बोलत होता. बापाला ते ऐकू आलं नाही. मग लामुडिंगने श्वास भरला, बुडी मारली आणि दोन्ही हातांनी मासे हाकलू लागला. तो वर आला की ते परत येत.