पत्त्याला पत्ता

खळअक्कानं आयुष्यात आपलं एकही चित्र विकलं नाही आणि कुणाला फुकटही दिलं नाही. तिचं चित्र हवं असेल तर आपण आपल्या हातानं एक करून आणायचं आणि बदल्यात तिचं न्यायचं. ही चित्रं खेळायच्या पत्त्याएवढी, तळहातात मावणारी असत, म्हणून ती त्यांना पत्तेच म्हणायची. ‘पत्त्याला पत्ता’ हा तिचा कायदा. त्या कायद्यापायी तिनं मला जेवढं छळलं तेवढं शाळेतल्या कुठल्याही मास्तरांनी छळलं नसेल.

बिदरच्या नौबादमध्ये ती आमच्या समोरच राहायची. नवरा, आम्हा पोरांचा मामा, टेम्पो चालवायचा. माहेरी-सासरी पूर्वी मेंढरं होती, घोंगड्या विणल्या जायच्या. मेंढरं गेली, माग मोडला, पण घोंगडीला द्यायची चिंचोक्याची खळ शिजवायचं तिच्या हातात राहिलं. तीच खळ तिचा डिंक. बोटं कायम चिकट, म्हणून गल्लीनं तिला खळअक्का केलं. लग्नपत्रिकेतला सोनेरी कागद, लोकर, फुटक्या बांगड्या, चहाच्या पुड्यातली चांदी, कन्नड पेपरातली मोठी अक्षरं, हाती लागेल ते ती कातरून ठेवायची. चौकातल्या फोटो स्टुडिओतून पासपोर्ट फोटो कापून उरलेल्या पट्ट्या मागून आणायची. त्या पट्ट्यांत नुसते खांदे असत. त्यांची रांग लावून तिनं एकदा बस केली. खिडक्याखिडक्यांत खांदे, तोंड एकाचंही नाही.

"पुण्याला जायल्यात," ती म्हणाली. "तोंडं गावाकडं वळवल्यात, म्हनून दिसनात."

हा नाद तिला गाणगापुरात लागला. आजारी सासूला घेऊन ती तिथं लॉजवर राहिली होती. शेजारच्या खोलीतली सोलापूरची एक बाई वेळ जावा म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिंध्या शिवत बसायची. निघताना तिनं एक तुकडा अक्काच्या हातावर ठेवला. अक्का पैसे द्यायला गेली तर बाई रुसली. मग अक्कानं प्रसादाच्या पुडीचा कागद आणि सासूच्या लुगड्याचे दोरे भातानं चिकटवून तिच्यासाठी एक चित्र केलं. "तिनं दिलं, म्या दिलं. कुनी मोठं न्हाई, कुनी बारकं न्हाई. पैसा मधी आला की एक जन वर बसतंय बघ," ती सांगायची.

सुरुवातीला गल्लीतल्या बायकांनी हौसेनं पत्ते केले. दुपारी अक्काच्या ओट्यावर अदलाबदलीचा बाजार भरायचा. समोरचा पत्ता ती डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळायची आणि मनात येईल ते तोंडावर बोलायची. एका बाईनं कॅलेंडरमधला गणपती अख्खा कापून चिकटवून आणला. अक्का म्हणाली, "गनपती झ्याक हाय. पन तू कुठं हाईस ह्यात?" ती बाई पुन्हा ओट्यावर चढली नाही. तरी बाकीच्यांचे वेडेवाकडे पत्ते ती घ्यायची. माझा मात्र कधीच नाही. एकदा मोरपिसाचा एकेक तंतू सोडवून, त्याला टिकल्या लावून मी किल्ल्यातलं तळं केलं. अक्कानं ते उलटसुलट पाहिलं. "सुबक हाय. ने माघारी."

मी रडत घरी आले. आई तणतणत तिच्या दारात गेली. "पोरीचं मन कामून मोडायलीस अक्का? शेजारनीचं तसलं घेतलंस की!"

"तिला येत न्हाई, म्हनून घेतलं. हिला येतंय, आन् ही मला खूश करायसाठी करायलीय."

आई पाय आपटत माघारी आली. मला त्या दिवशी दोघींचाही राग आला.

मी कॉलेजात असताना शहरात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. चार जणांच्या हातापाया पडून मी अक्कासाठी एक टेबल मिळवलं. पावसात तिचं छत गळायचं, मामा छतासाठी कुढायचा. वाटलं, चार पत्ते विकले जातील, निदान छतावर नवे पत्रे पडतील. अक्का आली ती कोरे पुठ्ठे, कात्री आणि खळीची वाटी घेऊन. लोक किंमत विचारायचे. ती म्हणायची, "बसा. एक करा, एक न्या." लोक हसून पुढं जायचे. दुपारी हैदराबादचा एक हॉटेलवाला आला. त्याला सगळेच पत्ते हवे होते, हॉटेलात काचेत लावायला. अक्कानं त्याच्यापुढं कात्री सरकवली. तो घड्याळ बघत निघून गेला.

"अक्का, अगं छत गळतंय तुझं!" मी ओरडलेच.

"इकायचंच आसतं तर भाजी इकले नसते का म्या? गिऱ्हाईक तरी रोज आलं आसतं."

संध्याकाळी बंदोबस्ताचा हवालदार कंटाळून टेबलाशी बसला. दोन जळक्या काड्या, बसचं तिकीट आणि आपल्या शर्टाचं तुटकं बटण चिकटवून त्यानं काहीतरी केलं. अक्कानं ते डोळ्यांजवळ नेलं आणि तिचा चेहरा फुलला. "उभं राहून राहून पाय दुखायल्यात बघ ह्याचे," म्हणाली, आणि खांद्यांची बस, तिचा सगळ्यांत चांगला पत्ता, त्याला देऊन टाकली. रिक्षातून घरी येताना मी तोंड फिरवून बसले. ती आपली हवालदाराचा पत्ता पुन्हा पुन्हा बघत होती.

मग गल्ली पांगली. कुणी पुण्याला गेलं, कुणी हैदराबादला. उरलेल्यांच्या घरी दुपारच्या मालिका सुरू झाल्या. मलाही पुण्यात नोकरी लागली. गावाकडं निघालेल्या माणसाच्या हाती मी पत्ते पाठवायची. येताना तोच माणूस ते परत आणायचा, वर निरोप: "अक्का म्हनली, घाईत केलीस." ऑफिसातून दमून येऊन, डोळे फोडून केलेला पत्ता! मी दर वेळी ठरवायची, आता बास. दोन-चार महिन्यांनी पुन्हा कात्री घेऊन बसायची.

मामा गेल्यावर मुलानं तिला हैदराबादला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ती एका उंच इमारतीतल्या खोलीत पलंगावर बसली होती. मुंग्या लागतात म्हणून सुनेनं खळ बंद केली होती. अक्काची बोटं थरथरत होती, पण तक्रार वेगळीच होती.

"हितं पत्ता घेऊन कुनाचं दार वाजवलं की इचारत्यात, काय इकायलीस? काय बी इकत न्हाई म्हटलं, तर दार लावून घेत्यात."

माझ्या डोक्यात सणक गेली. त्या दारांवर, तिच्या हट्टावर, परत आलेल्या माझ्या सगळ्या पत्त्यांवर. मी सुनेकडून चिकटवायला मैदा शिजवून घेतला. दुधाची पिशवी, हातातलं बसचं तिकीट, पेपर, जे दिसलं ते टराटरा फाडलं आणि एका पुठ्ठ्यावर थापलं. काय होतंय ते बघितलंही नाही. तिच्या मांडीवर टाकलं आणि म्हटलं, "घे!"

अक्कानं तो पत्ता डोळ्यांजवळ नेला.

"व्हय," ती म्हणाली. "ही तू."

तिनं तो उशाखाली ठेवला आणि आपला करायला कात्री उचलली. कात्री दोनदा हातातून पडली.

"राहू दे अक्का."

"राहू दे कामून? म्या काय भीक घेतले का? माझा राहिला. पुढच्या खेपेला ये, करून ठिवते."

पुढची खेप झालीच नाही. काही महिन्यांनी तिच्या मुलाचा फोन आला, अक्का गेली म्हणून. थोडं रडून झाल्यावर, लाज सोडून मी विचारलं, "माझ्यासाठी काही ठेवलं होतं का रे तिनं?"

"रोज बसायची की ताई. दोन्ही हातानं कात्री धरून. तीन-चार केली बी."

"मग?"

"फाडून टाकली. म्हनायची, ती पोरगी हे घ्यायची न्हाई."

"अरे, मग तुकडे तरी ठेवायचे होतेस!"

तो गोंधळला. "तुकडे? कचरा वाटला ताई. बायकोनं झाडून टाकला."

मी फोन ठेवला. सुनेवर चिडावं, मुलावर चिडावं की अक्कावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.