बाटलीची बुडबुड

साधना सिस्टरच्या घरचा भात कायम कच्चा. सासूबाई गोजराबाईंना कुकरचा भात चालत नाही, पातेल्यातलाच लागतो, आणि पातेल्याला रटरट उकळी फुटली रे फुटली की सूनबाईचा हात गॅसच्या बटणावर. नवरा अमित ओझरच्या विमान कारखान्यात कामाला. तो डबा उघडताना मित्रांना सांगतो, "दातांना व्यायाम हवा असेल तर या." गोजराबाई म्हणतात, "नामपूरची पोर ती. कांदाभाकरीवर वाढलेली, तिला भातातलं काय कळणार?"

साधना हसून सोडून देते. उकळीच्या आवाजात तिला काय ऐकू येतं, ते तिनं घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

नाशकातल्या एका दवाखान्यात ती छातीच्या वॉर्डात आहे. तिथं प्रत्येक खाटेमागे भिंतीवर आकडे लिहिलेली एक काचेची नळी असते, नळीत गोटीसारखी एक गोळी, आणि खाली पाण्याची बाटली. बटण फिरवलं की गोळी वर चढते, ऑक्सिजन वाढतो आणि बाटली बुडबुडते. गोळी दोनवर असली की बाटली हळू बोलते. पार वर गेली की रटरटते, थेट भातासारखी.

आता गंमत अशी, की कोरोनानं अख्ख्या जिल्ह्याला एकच धडा शिकवून ठेवलाय: ऑक्सिजन जितका जास्त तितकं बरं. पण चुलीच्या धुरानं नाहीतर विडीनं फुप्फुसं जुनी झालेल्या माणसाला तो बेतानंच द्यावा लागतो. जास्त झाला तर बाहेर पडायचा कार्बन डायऑक्साइड आतच साठतो, माणसाला गुंगी येते. दिसायला अगदी गाढ झोप.

तीन हिवाळ्यांमागे चांदवडचे रंगनाथ असेच झोपले. त्यांचा मुलगा संतोष, कांद्याचा व्यापारी, उशाशीच बसलेला. साधना दुसऱ्या खाटेवरून परतली तेव्हा बाटली रटरटत होती आणि गोळी टोकाला होती. तिनं गोळी खाली आणली, डॉक्टरांना बोलावलं, श्वासाच्या मशीनचा मास्क लागला. पण रंगनाथ परत उठले नाहीत. गोळीचं तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता मुलाला सांगून काय होणार?" ते तिलाही पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

तेव्हापासून दर वर्षी, वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर, संतोष द्राक्षांची पेटी घेऊन वॉर्डात येतो. "तुमच्यामुळं बाबा शांत झोपंत गेले, सिस्टर." वॉर्ड द्राक्षं खातो. साधनाला उपवास असतो. सहकारी हर्षाली चिडवते, "तुझा हा उपवास कोणत्या देवाचा गं, पेटी बघूनच येणारा?"

यंदा संतोष पेटीशिवाय आला. चाकांच्या खुर्चीवर बसवून आईला आणलं. बायडाबाई, सगळा जन्म चुलीपुढं गेलेल्या. ओठ निळसर, पण तोंड चालू.

"मला काय धाड भरलीय? जरा धाप लागती. ह्यो उगंच गाडी काढतो."

साधनानं गोळी दोनवर लावली आणि संतोषला बजावलं, "भाऊ, या बटणाला हात लावायचा नाही. यांना एवढाच पुरतो."

"नाय लावत," संतोष म्हणाला. मग हळूच, "पण बाबांना कसा भरपूर दिला होता, तसाच आईला पण..."

"नाही."

दुपारी जेवणाची गाडी आली. साधना खिडकीजवळच्या म्हाताऱ्याला टेकवून बसवत होती, आणि मागून भात उकळायला लागला.

ती पळाली. गोळी टोकाला. बायडाबाईंच्या चेहऱ्यावर बारीक हसू, डोळे मिटलेले.

"बघा कशी झोपली," संतोष कौतुकानं म्हणाला. "बाबांसारखी."

साधनानं गोळी दोनवर आणली, बायडाबाईंचा खांदा गदागदा हलवला. "आजी, उठा. चांदवडला कांदा काय भाव गेला?"

पापणी हलली नाही. मग हर्षाली धावली, डॉक्टर आले, मशीनचा घट्ट मास्क चढला. संतोष भिंतीला टेकून नळीतल्या गोळीकडे बघत राहिला.

दिवे लागायच्या सुमारास बायडाबाईंनी डोळे उघडले आणि मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटल्या. साधनानं कान लावला. शिवी होती. तिला इतकं गोड काही बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं.

संतोष तिच्या मागोमाग व्हरांड्यात आला. "सिस्टर. बाबांच्या टायमाला पण मीच फिरवलं होतं."

नाही म्हणणं तिच्या जिभेवर तयार होतं. पण हा उद्या आईला घरी नेणार. तिथंही नळी असेल, बटण असेल.

"हो," ती म्हणाली. "हात लावू नका, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही. नंतरही नाही."

संतोषनं मान हलवली, व्यवहार ठरल्यासारखी. मग आत जाऊन आईच्या उशाशी बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

बायडाबाई घरी गेल्या. बऱ्या आहेत, घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत, शेजारणींना दम देतात. यंदा द्राक्षं आली नाहीत. एका संध्याकाळी साधना भात टाकत असताना संतोषचा फोन आला. हात ओले म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला; गोजराबाई शेजारीच लसूण सोलत होत्या. आईचं सगळं सांगून झालं, तरी तो फोन ठेवेना.

"सिस्टर, एक विचारू? घरात भात शिजायला लागला की मी उठून बाहेरच्या ओट्यावर जातो. तुम्हाला पण येतो का तो आवाज?"

पातेल्याला उकळी फुटत होती.

"येतो," साधना म्हणाली, आणि गॅस बंद केला.

त्या रात्री गोजराबाईंनी कच्चा भात मुकाट्यानं खाल्ला.