पंचविसाव्या पानावरच्या खुणा

आमच्या वाचनालयातल्या जुन्या वाचकांची एक खोड आहे. वाचलेली कादंबरी चुकून पुन्हा घरी जाऊ नये, म्हणून प्रत्येकजण पंचविसाव्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करून ठेवतो. कुणाची फुली, कुणाचं चिमुकलं फूल. माझा नुसता ठिपका.

काल नव्या कपाटातली, वर्षभरापूर्वी आलेली पुस्तकं चाळत होतो. एकात पंचविसावं पान कोरं. दुसऱ्यातही कोरं, तिसऱ्यातही.

"फुलवाल्या काकू दिसत नाहीत हल्ली?" मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

"दिवाळीतच गेल्या हो त्या."

"आणि फुलीवाले?"

"ते तर त्यांच्याही आधी."

पलीकडची अभ्यासिका परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी गच्च भरली होती. इकडे कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपाशी चिटपाखरू नव्हतं. न वाचलेली पुस्तकं एक दिवस संपून जातील, अशी आम्हाला पूर्वी धास्ती वाटायची. पुस्तकं आहेत तिथंच आहेत. संपत आलोय ते आम्हीच.

निदान एक तरी खूण असावी म्हणून पेन्सिल काढून मी न वाचताच कोऱ्या पानावर ठिपका द्यायला वाकलो, तोच दिवा गेला. बटणापाशी शिपाईमामा उभे होते.

"तुम्ही आत आहात होय!" ते दचकून म्हणाले. "मला वाटलं, इथं आता कुणीच नसतं."