शब्दांची भावकी

औशाच्या फाट्यावर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो, मी आणि माझी चुलत बहीण वर्षा. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. "पोचलीस की फोन कर," हे तिचं पालुपद चालूच होतं. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मागणं वेगळं. "तिकडं नवा सापडला की मला सांग माय," ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्यांना वाटलं असेल, पोरीला नवरा शोधायलाच पाठवतोय की काय हा माणूस. आण्णांना शब्द हवा होता.

आण्णा शिंपी. दहावीला इंग्रजीने त्यांना आडवं पाडलं आणि तो राग त्यांनी जन्मभर धरला. मी शाळेत असताना त्यांनी एक युक्ती काढली. शब्द एकेकटा पाठ करायचा नाही, त्याची भावकी धरायची. शेवटी टी-आय-ओ-एन आलं की सगळे एका घरचे: स्टेशन, नेशन, एज्युकेशन, अ‍ॅप्लिकेशन. शिवणयंत्रावर पाय चालू आणि तोंडाने "पुढचा?" मी एकदा टेन्शन घुसडलं, तर त्यांनी ते लिहायला लावलं, अक्षरं तपासली, टीच्या जागी एस निघाला, आणि म्हणाले, "हा सोयऱ्यातला दिसतोय, आपल्यातला नाही." गाव त्यांची चेष्टा करायचं, ते हसण्यावारी न्यायचे. असा बाप कुणालाच नाही, असं मला वाटायचं.

चाकणला आले तर ती भावकी सगळी इथेच नांदत होती. निघोज्यात आम्ही दोघींनी पत्र्याची खोली घेतली आणि कारखान्यात गाड्यांच्या वायरी बोर्डावर मांडून त्यांच्या जुड्या बांधायला लागलो. प्रॉडक्शन, सेक्शन, इन्स्पेक्शन. वायर चुकली की रिजेक्शन, आणि मग लाइनवरच्या साहेबांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. माझं 'काय करायलीस' ऐकून सातारच्या मुली खिदळायच्या, म्हणून दिवसभर जीभ आवरून बोलायचं. रविवारी कपडे वाळत घातले की आण्णांना फोन लावायचा, आठवड्याचे शब्द सांगायचे आणि पोटभर आपल्यासारखं बोलून घ्यायचं.

अशाच एका रविवारी मी खुशीत कन्फर्मेशन सांगितला. आम्ही सगळ्या काँट्रॅक्टवर. काही महिने भरले की ब्रेक द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि गरज लागली तर परत बोलवायचे. कायम होणारी एखादीच. त्या वेळी एक जागा निघाली होती आणि साहेबांनी माझं नाव पुढे केलं होतं.

"त्यानं काय होतं?" आण्णांनी विचारलं.

"कायमची नोकरी. मग कुणी काढत नाही. मी इथंच राहणार."

"कायम म्हंजे कायमच?"

"कायमच, आण्णा."

"बरं बरं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दिवाळीत एक स्थळ मला बघून गेलं होतं. मुलगा उदगीरला शाळेत क्लार्क. मी नाही म्हटलं नव्हतं, हो पण म्हटलं नव्हतं. आधी कन्फर्मेशन होऊ द्या, मग बोलू, एवढंच माझं म्हणणं होतं.

पुढे एका सकाळी साहेब हसत माझ्या बोर्डापाशी आले. "अभिनंदन! लग्नाला बोलवा बरं का आम्हाला." मी विचारलं, कुणाचं लग्न? "आता लपवता कशाला? सासरी निघालेल्या मुलीला कायम करून आम्ही काय करू?" लग्न ठरलेलं नाही हे मी परोपरीने सांगितलं. लाजते आहे, असं त्यांना वाटलं. ती जागा वर्षाला मिळाली आणि मला ब्रेक.

माझ्या स्थळाची गोष्ट कारखान्यात वर्षाशिवाय कुणालाच माहीत नव्हती. मी तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत दोन स्वयंपाक सुरू झाले. शेवटी एका संध्याकाळी कणीक मळता मळता तिला रडू फुटलं. "मीच सांगितलं साहेबाला, ताई. पण मोठ्या काकांचा फोन आला होता. लग्न ठरलंय म्हणून सांग म्हणले, नाही तर ती परत येत नाही. शपथ घातली मला. जागा मलाच मिळंल, हे मला काय ठाऊक?"

तिचे मोठे काका म्हणजे माझे आण्णाच. मी तिथूनच फोन लावला. आण्णांनी नाकारलं नाही. "तुझ्या भल्याचंच केलं माय. पोरीच्या जातीनं किती दिवस परमुलखात राहायचं?"

परक्याने घात केला तर चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथे शिव्या कुणाला द्यायच्या? या माणसाने एकेक शब्द हातात देत मला वेशीबाहेर आणलं आणि मी खरंच बाहेर पडते आहे असं दिसताच मागून ओढलं. त्यांनी मला शिकवलं ते चार लोकांत मिरवण्यापुरतंच होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. आणि ज्या शब्दाने त्यांना भीती घातली, त्याचा अर्थ मीच त्यांना हौसेने समजावून सांगितला होता, हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

मी परत गेले नाही. स्थळाला नाही कळवलं. दुसऱ्या कारखान्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मागच्या वर्षी तिथे कायम झाले. पेढे वर्षाने आणले, शेजारच्या खोल्यांत वाटले. गावाकडे मी काहीच कळवलं नाही. माझ्या मागे गावातून निघालेल्या पोरींना एवढंच सांगते, आनंदाची बातमी हातात पडल्याशिवाय घरीसुद्धा सांगू नका. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

परवा आण्णांचा फोन आला. आवाज थकलेला वाटला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माय, घरी कधी यायलीस?"

मी पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी होते. आत वर्षाने भात लावला होता.

"सुट्टी मिळाली की येईन तुमच्याकडे," मी म्हटलं.

"आमच्याकडं व्हय," ते म्हणाले. 'तुमच्याकडे' त्यांना लागलं, हे मला कळलं. मी ते मागे घेतलं नाही.